दरवर्षी खचणारा घाटरस्ता: ठेवायचा, वळवायचा की सोडायचा?

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात दरड येते, जेसीबी लावून दोन दिवसांत वाट मोकळी होते, मार्चअखेरीला डांबर पडतं आणि पुढच्या जूनमध्ये तेच वळण पुन्हा खाली बसतं. तळोदा-धडगावचा चांदसैली घाट, अक्कलकुवा-मोलगीचा देवगोई घाट, चाळीसगावच्या डोक्यावरचा कन्नड घाट यांच्या बातम्या तरी होतात. त्यांच्या आजूबाजूला पाड्यांना जोडणारे, तीन-चार किलोमीटरचे, एकेरी रुंदीचे कितीतरी रस्ते दर पावसाळ्यात असेच तुटतात आणि त्यांचं पुढे काय करायचं हे कुणी ठरवतच नाही. हे लेखन त्या छोट्या रस्त्यांसाठी आहे. ग्रामपंचायत सदस्य, ग्रामसभेत बोलणारी माणसं आणि नव्याने रुजू झालेले शाखा अभियंते यांना डोळ्यांसमोर ठेवलं आहे.

क्रम महत्त्वाचा. आधी काय घसरतंय ते ओळखायचं, मग पाणी कुठून येतं ते शोधायचं, मग रस्ता कुणाला किती लागतो ते मोजायचं, आणि पैशाचं सगळ्यात शेवटी बघायचं. बहुतेक ठिकाणी हे उलटं होतं. निधी आला म्हणून भिंत बांधली जाते आणि ती भिंत कशासाठी होती हे ती पडल्यावर कळतं.

घसरतंय ते नेमकं काय?

सातपुडा काय, दक्षिणेकडची अजिंठ्याची रांग काय, दोन्हीकडे दगड बेसाल्टचाच, म्हणजे लाव्हाचे थर एकावर एक. वर कठीण काळा फत्तर, त्याखाली छिद्राळ, कुजलेला, मुरमाकडे झुकलेला थर, आणि दोन लाव्हांच्या मध्ये अनेक ठिकाणी तांबड्या मातीचा पट्टा. फत्तराच्या भेगांतून पाणी खाली उतरतं, तांबड्या पट्ट्यावर येऊन अडतं आणि आडवं वाहत डोंगराच्या कापलेल्या बाजूने बाहेर पडतं. हा पट्टा भिजला की मऊ पडतो आणि वरचा भार त्यावरून सरकतो. दिवाळीनंतरही कापलेल्या कड्यावर ओलसर रेघ दिसत असेल, तिच्यावर हिरवं गवत किंवा शेवाळ टिकून असेल, तर पाण्याची वाट तिथेच आहे. त्या जागेची खूण करून ठेवा.

घसरण चार तऱ्हेची असते आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा असतो.

पहिली, वरून सुटे दगड आणि कुजका मुरूम पडतो. रस्ता जागेवर असतो, वर ढीग येतो. दुसरी, रस्त्याची दरीकडची अर्धी बाजू बसते. घाटरस्ता करताना डोंगर कापून निघालेला माल बाहेरच्या बाजूला टाकून रुंदी साधलेली असते. तो भराव नीट दाबलेला नसला की डांबरावर अर्धचंद्रासारखी भेग उमटते आणि तिच्या बाहेरचा तुकडा खाली जातो. तिसरी, खालचा नाला वळणाचा पायथा खातो. रस्त्यावर काहीच दिसत नाही आणि एका पुरात अख्खं वळण जातं. चौथी सगळ्यात वाईट: रस्त्यासकट पूर्ण उतारच सरकतोय. याच्या खुणा रस्त्यावर कमी आणि आजूबाजूला जास्त असतात. रस्त्याच्या बऱ्याच वर, कधी शंभर-दीडशे पावलांवर, गवतात अर्धगोल भेग असते. खाली पायथ्याशी जमीन फुगलेली असते. विजेचे खांब एकाच दिशेला कललेले असतात. झाडांची खोडं बुंध्याशी वाकून पुन्हा सरळ वर गेलेली असतात. उताराखालच्या झऱ्याने जागा बदललेली असते.

पहिल्या तिन्हींवर गावाच्या आवाक्यातला इलाज निघू शकतो. चौथी निघाली तर भिंत, जाळी, डांबर यांवर एक रुपयाही खर्च करू नका. सरकणाऱ्या उतारावर बांधलेली भिंत त्या उताराबरोबरच खाली जाते.

तापी-गिरणेच्या काठचे आणि काळ्या मातीतले रस्तेही खचतात, पण ते दुखणं वेगळं. काळी माती ओली झाली की फुगते आणि सुकली की भेगाळते. त्याला लागणारे उपाय इथे घेतलेले नाहीत.

तीन फेऱ्या

रस्ता किमान तीनदा पायी चालायचा, गाडीतून नाही. मे महिन्यात, गटारं आणि मोऱ्या (रस्त्याखालून पाणी पलीकडे नेणारे नळ) कोरड्या असताना. पावसाळ्यात, सर ओसरल्यावर पण पाणी वाहतं असताना, आणि तेही भेगाळलेल्या कड्याखाली न थांबता. ऑक्टोबरमध्ये, नव्या भेगा गवताने झाकल्या जायच्या आधी. सोबत गुराखी, लाकूडफाटा आणायला जाणाऱ्या बाया आणि त्या रस्त्यावर जुना मैलकुली, म्हणजे रस्त्याच्या देखभालीचा मजूर, असेल तर तो हवाच. नकाशात नसलेला झरा त्यांना माहीत असतो, आणि "इथली माती हलकी" म्हणजे नेमकी कुठली हेही.

प्रत्येक खराब जागेचा फोटो दर फेरीला एकाच ठिकाणी उभं राहून काढा, फोटोत माणूस किंवा खोऱ्याचा दांडा ठेवा म्हणजे माप कळतं. जागा किलोमीटरच्या दगडापासून मीटरमध्ये लिहा. "वडाच्या वळणावर" असं लिहिलं की दोन वर्षांनी कार्यालयातल्या नव्या माणसाला काहीच कळत नाही.

भेगेवरचे खुंट

भेग किती रुंद आहे यापेक्षा ती किती वेगाने वाढते आहे हे जास्त महत्त्वाचं. ते मोजायला दोन लोखंडी सळ्या पुरतात. १२ मिलिमीटर जाडीच्या, ६० सेंटिमीटर लांबीच्या दोन सळ्या घ्या. भेगेच्या दोन्ही बाजूंना, काठापासून साधारण अर्धा मीटर आत, घट्ट जमीन लागेपर्यंत ठोका आणि वर १० सेंटिमीटर डोकं ठेवा. डोक्यावर छिन्नीने अधिकचं चिन्ह कोरा आणि एका चिन्हाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत स्टीलच्या टेपने मोजा. दुसरं माप उंचीचं: दोन्ही डोक्यांवर सरळ फळी ठेवून पाणसळ लावा आणि दरीकडचं डोकं किती खाली गेलं ते लिहा. एका भेगेवर अशा तीन जोड्या हव्यात, दोन टोकांना आणि एक मध्ये. गुरं सळी हलवतात, म्हणून भोवती दगडांचा छोटा ओटा रचा, मात्र सळीला दगड टेकू देऊ नका.

एप्रिल-मेमध्ये महिन्यातून एकदा, पावसाळ्यात दर आठवड्याला आणि मोठ्या पावसानंतर रोज माप घ्यायचं. महिन्याला एक-दोन मिलिमीटरची हालचाल असेल तर विचार करायला वेळ आहे. रोज दोन, मग पाच, मग बारा असा आकडा चढत गेला तर कुणाच्या परवानगीची वाट न बघता माणसं आणि गाड्या थांबवा आणि तहसील व बांधकाम विभागाला कळवा. जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे.

सोबत पाऊसही मोजा. सरळ भिंतीचा पत्र्याचा डबा झाडापासून आणि छपरापासून लांब, जमिनीपासून थोडा वर ठेवायचा, रोज सकाळी साडेआठला पट्टी बुडवून मिलिमीटर वाचायचे आणि डबा रिकामा करायचा. तालुक्याच्या मंडळातलं पर्जन्यमापक वीस किलोमीटर लांब असतं आणि घाटात पाऊस वळणावळणाला बदलतो. तुमच्या डब्याचा आकडा आणि तुमच्या खुंटांचा आकडा शेजारी-शेजारी लिहिलेली वही दोन पावसाळ्यांनी तयार झाली, की कुठल्या पावसाला रस्ता बंद करायचा हे ती वहीच सांगते. तोपर्यंत हवामान खात्याच्या मोजणीतली जोरदार पावसाची सुरुवात, म्हणजे २४ तासांत ६४.५ मिलिमीटर, ही कामचलाऊ रेघ धरा. आधी सलग तीन-चार दिवस पाऊस झालेला असेल तर रेघ आणखी खाली आणा, कारण भिजलेल्या डोंगराला थोडा पाऊसही पुरतो.

पाण्याचा बंदोबस्त झाल्याशिवाय कुठलाच निर्णय नको

एक हेक्टर उतारावर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ते पाणी पाच लाख लिटर होतं. त्यातलं निम्मं जरी वाहून आलं तरी अडीच लाख लिटर, म्हणजे पाच हजार लिटरचे पन्नास टँकर, एका तासात, तुमच्या एका मोरीवर. सेकंदाला सत्तर लिटर. मोठ्या नळाला हे पाणी सहज झेपतं, पण नळ मोकळा असेल तर.

मोरीच्या वरच्या तोंडाशी जाऊन बघा. एक चौकोनी कुंडी असते. तिच्यात सागाची मोठमोठी पानं ओल्या चामड्यासारखी एकावर एक चिकटतात, त्यावर मुरूम बसतो, वरून एखादं ओंडकं आडवं येतं. तिथून पाणी रस्त्यावर चढतं, चाकांच्या चाकोरीतून ५०-६० मीटर खाली धावतं आणि जिथे डांबराची दरीकडची कड कच्ची आहे तिथून भरावात शिरतं. भराव तिथे खचतो. लोक खचलेल्या जागी भिंत मागतात, दोष मात्र ६० मीटर वर, पानांनी भरलेल्या कुंडीत असतो. म्हणून घाटात मोरीचा नळ एक मीटर व्यासाचा हवा. ६० सेंटिमीटरच्या नळात माणूस शिरून साफ करू शकत नाही.

कामं या क्रमाने करा: मोऱ्यांच्या कुंड्या मे अखेरीपर्यंत आणि नंतर पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी साफ, डोंगराकडचं गटार सलग आणि दगड-सिमेंटने पक्कं, मोरीच्या खालच्या तोंडाला दगडी पायऱ्या किंवा पिचिंग (दगडांचं अस्तर), नाहीतर पडणारं पाणी पायथा पोखरतं, आणि कापलेल्या कड्याच्या वर, कडेपासून किमान चार-पाच मीटर मागे, आडवं पाणी अडवून बाजूच्या नाल्यात सोडणारा चर. हा वरचा चर पक्काच हवा. कच्चा चर भेगेला पाणी पाजतो.

यात एक गोष्ट फार ठिकाणी चुकते. पाणलोटाच्या कामात सलग समतल चर खोदतात, ते पाणी मुरवायला. माथ्यावर, निरोगी उतारावर ते चांगलंच आहे. पण घसरणाऱ्या रस्त्याच्या वरच्या अंगाला तेच चर खोदले तर पाणी नेमकं तांबड्या पट्ट्यात मुरतं. रोजगार हमीतून किंवा वनविभागाकडून चर मंजूर होत असतील तर ग्रामसभेने घसरणीच्या वरचा पट्टा लेखी वगळायला लावावा. तसंच पाणीयोजनेची पाइपलाइन आणि केबलचे चर. रस्त्याच्या कडेला खोदून सैल माती भरलेला चर पावसात भूमिगत गटारच होतो, आणि गळकी पाइपलाइन उन्हाळ्यातही उतार भिजवत राहते.

ढीग उचलतानाही जपावं लागतं. चौथ्या तऱ्हेच्या घसरणीत खाली आलेला ढीग वरच्या मातीला टेकू देत असतो. जेसीबीने तो पूर्ण काढला की वरचं आणखी सुटतं, म्हणून एकेरी गाडीपुरतीच वाट काढा. आणि काढलेला माल दरीत ढकलू नका. घाट नागमोडी असतो, वरच्या वळणावरून ढकललेली माती खालच्या वळणाच्या डोक्यावर जाऊन बसते.

पाण्याची ही कामं करून एक पावसाळा जाऊ द्या. खुंट थांबले तर अर्धा प्रश्न तिथेच मिटतो. उरलेल्या खर्चाचं बोलणं त्यानंतर.

रस्ता कुणाला, कधी, कशासाठी लागतो

गाड्यांची मोजणी सलग तीन दिवस करा, त्यातला एक दिवस आठवडेबाजाराचा हवा. दुचाकी, रिक्षा-जीप, ट्रॅक्टर, ट्रक, बस वेगळे लिहा, डोक्यावर ओझं घेऊन चालणारेही लिहा. मग वर्षाचं चक्र मांडा: होळीआधीचा भोंगऱ्या बाजार, महाशिवरात्रीची तोरणमाळ यात्रा, दिवाळीत अस्तंब्याला जाणारे लोक, कापूस-मिरची बाहेर पडायचे दिवस, ऊसतोडीला आणि गुजरातेत मजुरीला जाणाऱ्यांच्या गाड्या, आश्रमशाळा सुरू होण्याचा आठवडा. यातलं बरंच पावसाळ्याबाहेर येतं, हे लक्षात आलं की पुढचे पर्याय सोपे होतात.

पावसाळ्यातली जी गरज टाळता येत नाही ती आजारपण आणि बाळंतपण. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये चांदसैली घाटात दरड पडून रस्ता बंद होता, तेव्हा आजारी पत्नीला खांद्यावर घेऊन निघालेल्या माणसाला ती वाटेतच गमवावी लागली. रस्ता बंद करण्याचा ठराव लिहिताना हे समोर ठेवूनच लिहावं लागतं. पाड्यातून बांबूच्या झोळीत, लोक जिला बांबूलन्स म्हणतात तिच्यात, माणूस मुख्य रस्त्यापर्यंत आणायला किती मिनिटं लागतात ते प्रत्यक्ष चालून मोजा. अंदाजाने लिहू नका.

चार पर्याय

*आहे तिथेच दुरुस्त करून ठेवणं.* पहिल्या तीन तऱ्हांना हे चालतं. सुट्या दगडांसाठी आधी माणसं लावून हलके दगड उतरवून घ्यायचे, मुरमाचा उभा कापलेला कडा एकास एकच्या आसपास तिरका करायचा, जागा नसेल तर पायथ्याशी दगड अडवायची भिंत. बसलेल्या भरावासाठी गॅबियन, म्हणजे तारेच्या जाळीत रचलेले दगड, उत्तम, कारण त्यातून पाणी निघून जातं आणि थोडी हालचाल ते सोसतं. नेहमीची पेटी २ मीटर बाय १ बाय १ असते आणि तिला साडेतीन टनांच्या आसपास दगड लागतो. दगड १५ ते २५ सेंटिमीटरचे, हाताने रचलेले हवेत. ट्रॉली ओतून भरलेली पेटी एका पावसाळ्यात पोट काढते. मधे, एक तृतीयांश आणि दोन तृतीयांश उंचीवर, पुढची आणि मागची जाळी आडव्या तारांनी बांधायची. मागे माती गाळणारं कापड लावायचं, नाहीतर भराव धुपून पेटीतून निघून जातो. पाया घट्ट मुरमात किंवा खडकात किमान अर्धा मीटर आत. दगडी बांधकामाची भिंत असेल तर दर दीड मीटरला पाणी निघायचं भोक, बाहेर उतार देऊन, आणि मागे दगडगोट्यांचा थर. भोकं कोरडी आणि भिंतीला पोट आलेलं दिसलं तर मागे पाणी साठलं आहे असं समजा. उघड्या उतारावर वाळा, बांबू, निरगुडी लावा, मोठी होणारी झाडं भेगेजवळ नकोत.

*मर्यादा घालून ठेवणं.* आमच्या मते खानदेशातल्या बऱ्याच पाडारस्त्यांना हाच पर्याय योग्य आहे आणि त्याचाच सगळ्यात कमी विचार होतो. वर्षभर दुचाकी, जीप आणि रुग्णवाहिका. ट्रक आणि भरलेल्या ट्रॉल्या फक्त दिवाळी ते मे. ठरलेल्या पावसाच्या आकड्याला पूर्ण बंद. यासाठी दोन्ही टोकांना फाटक, प्रत्येक फाटकाची किल्ली दोन माणसांकडे, आणि नावं ठरावात. डोंगराच्या पलीकडच्या बाजूला पावसाळाभर एक जीप ठरवून ठेवायची, म्हणजे खचलेला तुकडा पायी ओलांडून रुग्ण दुसऱ्या गाडीत घेता येतो. त्या तुकड्याला वळसा घालणारी, झोळी घेऊन चार माणसं चालू शकतील अशी पायवाट मे महिन्यातच तयार ठेवायची. आशाताईंच्या यादीवरून जून ते सप्टेंबरमध्ये दिवस भरणाऱ्या बायकांची नावं काढून प्राथमिक आरोग्य केंद्राच्या माहेरघरात आधीच राहायची सोय मागायची. रेशनचं धान्य पावसाळ्याआधी पोहोचवून घ्यायचं.

*वळवणं.* चौथी तऱ्हा असेल आणि रस्त्यावाचून गाव राहू शकत नसेल तर हाच मार्ग. नवी आखणी घसरणीच्या जिभेपासून, म्हणजे सरकत खाली आलेल्या मातीपासून, पूर्ण बाहेर, शक्य तर माथ्याच्या धारेजवळून न्या, तिथे वरून येणारं पाणी कमी असतं. घाटात चढ वीसला एक, म्हणजे वीस मीटरला एक मीटर, असावा, फार अडचण असेल तर चौदाला एक. यू-वळणावर आतली त्रिज्या १४ मीटर आणि ग्रामीण रस्त्याला रुंदी साडेसहा मीटर लागते, आणि नेमकी यू-वळणांनाच जागा मिळत नाही, म्हणून आखणीत आधी वळणांच्या जागा शोधा आणि मग त्या जोडा. नव्या आखणीवरही पावसाळ्याची फेरी केल्याशिवाय सही करू नका.

*सोडणं.* दुसरा रस्ता आहे, लांबचा आहे पण शाबूत आहे, आणि या रस्त्यावरचा पाडा आधीच खाली उतरला आहे, अशा वेळी रस्ता सोडण्यात कमीपणा नाही. फक्त तो नीट सोडावा लागतो. मातीचा ढीग टाकून निघून गेलं तर मोऱ्या दोन वर्षांत बुजतात आणि अडलेलं पाणी एके रात्री खालच्या वावरांवर येतं. सोडताना नळ काढून तिथे नाल्याची मूळ वाट उघडी करायची, दर २०-३० मीटरला रस्त्यावर तिरका बांध-चर घालून पाणी दरीकडे सोडायचं, सैल भराव उतरवायचा आणि पायवाट तेवढी ठेवायची.

हिशेब

दरवर्षीचा खर्च वीस वर्षांसाठी मांडा, एका वर्षासाठी नाही. आणि लोकांच्या खिशातून जाणारा पैसा त्यात धरा, कारण अंदाजपत्रकात तो कधीच नसतो. समजा रस्ता वर्षात ६० दिवस बंद राहतो, रोजच्या १२० फेऱ्यांना १८ किलोमीटरचा जादा वळसा पडतो आणि किलोमीटरला बारा रुपये खर्च येतो. १८ गुणिले १२० गुणिले ६० म्हणजे १,२९,६०० किलोमीटर, आणि रुपये १५,५५,२००. दर वर्षी. याच्या शेजारी ढीग उपसण्याचा खर्च, दर तीन-चार वर्षांनी जाणारी भिंत आणि डांबर ठेवा, मग वळवलेल्या रस्त्याचा आकडा पाहा. कधी वळवणं स्वस्त निघतं. कधी हाच हिशेब सांगतो की फेऱ्या इतक्या कमी आहेत की मर्यादा घालणंच बरोबर. बुडालेली मजुरी आणि सडलेला भाजीपाला वेगळ्या रकान्यात लिहा, बेरजेत घुसवू नका, नाहीतर पूर्ण हिशेबावरच आक्षेप येतो.

कागद

आधी रस्ता कुणाचा ते काढा. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. क्रमांक नसलेला योजनाबाह्य रस्ता असेल तर त्याला क्रमांक मिळवणं हेच पहिलं काम, कारण क्रमांकाशिवाय देखभालीचा पैसा पडत नाही. देखभाल अर्थसंकल्पाच्या ३०५४ या शीर्षाखाली, नवीन आणि सुधारणेचं काम ५०५४ खाली, हे अर्जात बरोबर लिहिलं की फाइल एका फेरीने कमी फिरते. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतला रस्ता असेल तर पाच वर्षांची देखभाल ठेकेदाराकडे असते. फलकावरची पूर्णत्वाची तारीख बघा. मूळ अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका आणि मोऱ्यांची यादी माहिती अधिकारात मागवा. कागदावर सात मोऱ्या आणि जागेवर चार, हे तिथेच कळतं.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे दरडप्रवणतेचे नकाशे भूकोश संकेतस्थळावर आहेत. तुमचा भाग त्यात असेल तर छापून जोडा, पण ते १:५०,००० प्रमाणाचे आहेत. एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर, तुमचं वळण त्यात एक ठिपका. जागेवर भूवैज्ञानिक पाठवा अशी मागणी करायला तो नकाशा पुरतो, निर्णय घ्यायला नाही.

वळवताना वनजमीन लागली तर वनहक्क कायदा, २००६ चं कलम ३(२) पाहा. ग्रामसभेच्या शिफारशीने रस्त्यासाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन, हेक्टरी ७५ पर्यंत झाडं तोडावी लागत असतील तर, वळती होऊ शकते. त्यावर गेलं की वनसंवर्धन कायद्याची लांबलचक परवानगी. अक्राणी, अक्कलकुव्यासारख्या अनुसूचित क्षेत्रात जमीन संपादनाआधी पेसा कायद्याने (अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा) ग्रामसभेशी विचारविनिमय लागतो. पाड्यावर जाऊन, पावरी किंवा भिलीत समजावून सांगितलेली सभाच खरी. वाहनांवर बंदी घालायचा अधिकार ग्रामपंचायतीला नाही. आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ३४ खाली जिल्हा प्राधिकरण किंवा मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ खाली सक्षम अधिकारी आदेश काढतो. म्हणून ग्रामसभेच्या ठरावात "बंद करावा" एवढंच लिहू नका. कुठल्या किलोमीटरपासून कुठपर्यंत, कुठल्या गाड्या, कुठल्या महिन्यांत, किती पावसाला, फाटकाची किल्ली कुणाकडे आणि पुन्हा उघडायच्या आधी कोण काय तपासणार, हे सगळं लिहून तसा आदेश मागा.

ठराव जानेवारीच्या सभेत झाला तर पाण्याची कामं मे अखेरीस उरकतात. मेमध्ये झाला तर ती पुढच्या वर्षावर जातात. ऑक्टोबरच्या फेरीत खुंटांची वही, डब्याची वही आणि त्याच जागांवरून काढलेले फोटो घेऊन शाखा अभियंत्याला सोबत न्या. खुंट हलले नसतील तर मर्यादा एक पायरी सैल करता येते. पाण्याचा बंदोबस्त होऊनही हलले असतील तर दुरुस्तीचा प्रस्ताव मागे घेऊन वळवलेल्या रस्त्याची आखणी त्याच हिवाळ्यात सुरू करा.